इसबाच्या मुलाला कुंडावर नेण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांचा विकास होणार, तिथे पर्यटक येणार, त्वचारोगांवर उपचार होणार, अशा बातम्या मी आपल्या ई-पेपरवर अधूनमधून वाचते. मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. तुरळ आणि राजवाडीची कुंडं माझ्या माहेरच्या वाटेवरची. लग्नानंतर पुण्यात राहिले आणि आता नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रान्समध्ये, तुलूज शहरात असते. माझ्या मुलाला तो चार महिन्यांचा असल्यापासून इसब आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याला आम्ही इथल्या आव्हेन नावाच्या गावी खनिज पाण्याच्या उपचारासाठी तीन आठवडे नेलं. ही बातमी नात्यात पसरली तेव्हापासून माझा फोन थांबलेला नाही. सांगलीहून, ठाण्याहून, नाशिकहून ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे विचारतात, "आमच्या मुलीला घेऊन येऊ का? किती खर्च येतो? की इथल्याच वज्रेश्वरीला नेऊ?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं, आणि कुंडांच्या विकासाचं बोलणाऱ्यांच्याही कानावर चार गोष्टी घालाव्यात, म्हणून हे पत्र. लांबलंय, छापताना हवं तर कापा. पण तापमानाबद्दल लिहिलंय ते कृपया कापू नका.

आधी हा प्रकार काय आहे ते. फ्रान्समध्ये खनिज पाण्याची शंभराच्या आसपास उपचार केंद्रं आहेत आणि १९४७ पासून सरकारी आरोग्य विमा त्यांचा खर्च उचलतो. सांधेदुखी, श्वसनाचे विकार, त्वचा, पचन, मूत्रविकार अशा बारा शाखा ठरवून दिल्या आहेत आणि कुठल्या केंद्राने कुठल्या शाखेत उपचार करायचे हेही ठरलेलं आहे. त्यामुळे दम्याची मुलं ओव्हेर्न्यच्या डोंगरातल्या ला बुरबुलला जातात आणि त्वचेची आव्हेन, ला रोश-पोझे अशा ठिकाणी. कुठेही गेलात तरी मुदत एकच, उपचाराचे १८ दिवस. रविवार वगळला की तीन आठवडे होतात. चार दिवस राहून बघू, बरं वाटलं तर वाढवू, असं चालत नाही. मधेच सोडून आलात तर विमा हात वर करू शकतो.

आव्हेन म्हणजे एरो जिल्ह्यातलं, ऑर्ब नदीच्या खोऱ्यातलं तीनशेएक वस्तीचं गाव. तुलूजहून कास्त्रवरून डोंगर ओलांडत गाडीने तीनेक तास लागतात. तिथल्या झऱ्याची कथा अशी की १७३६ मध्ये एका सरदाराचा खाजेने बेजार झालेला घोडा त्या पाण्यात लोळू लागला आणि बरा झाला. गंमत म्हणजे ला रोश-पोझेची कथाही घोड्याचीच आहे, फक्त सरदार वेगळा आणि तीन-चारशे वर्षं जुना. वज्रेश्वरीचं गरम पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचं रक्त, असं आपल्याकडे सांगतात. कथेत आपण त्यांना हरवलंय यात शंका नाही. पुढे १९७५ मध्ये कास्त्रच्या पिएर फाब्र या औषधनिर्मात्याने आव्हेनचा झरा घेतला, १९९० मध्ये नवं केंद्र उघडलं आणि त्याच पाण्याचे फवारे डब्यात भरून जगभर विकायला सुरुवात झाली. मुंबई-पुण्याच्या औषधाच्या दुकानांत तुम्ही ते पाहिलेही असतील. हे मुद्दाम सांगते, कारण झरा आणि मलमाचा धंदा एकाच घराचा आहे हे माहीत असलेलं बरं. तिथे ऐकलेली पाण्याची स्तुती मी त्या हिशेबानेच ऐकली.

आता नियोजन. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं उन्हाळा आला की निघायचं. आमची तयारी आदल्या वर्षीच सुरू झाली. पहिली पायरी डॉक्टरांची. फॅमिली डॉक्टर किंवा त्वचातज्ज्ञ एका सरकारी फॉर्मवर आजार, शाखा आणि केंद्राचं नाव लिहून देतात, तो विम्याच्या कचेरीत पाठवायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. मंजुरी त्या कॅलेंडर वर्षापुरती असते, मात्र वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळालेली पुढच्या वर्षअखेरीपर्यंत चालते. म्हणून आमच्या त्वचातज्ज्ञ बाईंनी ऑक्टोबरमध्येच फॉर्म भरून हातात दिला आणि वर बजावलं, "खोलीच्या आधी तिथल्या डॉक्टरची वेळ घ्या." हे ऐकलं म्हणून निभावलो. केंद्रावर गेल्यावर काय उपचार करायचे ते घरचा डॉक्टर ठरवत नाही. तिथे राहणारा, त्या पाण्याचा अनुभव असलेला डॉक्टर मूल तपासून ठरवतो. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा अशा त्याच्या भेटी असतात. गाव लहान, डॉक्टर मोजके आणि जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या फ्रान्सची शाळकरी मुलं तिथे लोटलेली. डॉक्टरची वेळ नसेल तर पाणीही नाही.

शाळेचा प्रश्न सगळ्यात अवघड. इथे मधल्या सुट्ट्या दोन-दोन आठवड्यांच्या असतात आणि उपचार तीन आठवड्यांचा. म्हणजे एक तर शाळा बुडवायची, नाहीतर उन्हाळ्याच्या गर्दीत जायचं. मे-जूनमध्ये तिथे हवा छान, गर्दी कमी आणि घामही कमी असतो. इसबाच्या मुलाला घाम हा वैरी असतो हे आई-बापांना वेगळं सांगायला नको. तरीही आम्ही जुलै निवडला, कारण मुलगा नुकता पहिलीसारख्या वर्गात गेला होता आणि वाचायला शिकण्याच्या दिवसांत तीन आठवडे घालवणं मला पटेना. शिवाय उपचारासाठी कामावरून आजारपणाची रजा मिळत नाही, हक्काची सुट्टी खर्च करावी लागते. मग आम्ही वाटून घेतलं. पहिला आठवडा मी आणि नवरा, नंतर मी आणि माझी आई. आई तेव्हा उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आलीच होती.

राहण्याच्या जागेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण फोनवर याबद्दल कुणीच विचारत नाही. हॉटेल नको. स्वयंपाकघर असलेली भाड्याची खोली घ्यावी. बाहेरचं खाणं पोटाला आणि खिशाला नको हे एक कारण. शिवाय मुलाला सकाळच्या उपचारानंतर दुपारी झोपवायचं असतं आणि दिवसातून दोन-तीनदा अंगभर मलम लावायचं असतं, ते घरासारखी जागा असल्याशिवाय होत नाही. खोली ठरवताना मी घरमालकिणीला विचारलेले प्रश्न तिला फारच विचित्र वाटले असतील. जमिनीवर गालिचा आहे का? आधीच्या भाडेकरूंनी कुत्रा-मांजर आणलं होतं का? गादीला धुता येईल असं आवरण आहे का? उशा पिसांच्या आहेत का? खिडकी कुठल्या दिशेला उघडते? या शेवटच्या प्रश्नाला ती हसली, पण दक्षिण फ्रान्सच्या जुलैत पश्चिमेची खिडकी म्हणजे रात्री दहापर्यंत तापलेली खोली आणि पहाटेपर्यंत खाजवणारं मूल. चादरी, अभ्रे, टॉवेल आम्ही घरचेच नेले, जुने, सुती, मऊ झालेले. सोबत कुकर, तूरडाळ, तांदूळ, गोडा मसाला. गावात किरकोळ सामान मिळतं, मोठी खरेदी खाली बेदारियूला जाऊन करावी लागते, त्यामुळे गाडी नसेल तर हा सगळा बेत अवघड होतो. वस्ती आणि केंद्र यांत अंतर आहे, तेही बघून घ्यावं. लहान मुलाला सकाळी सकाळी चालवत नेलं की पोचेपर्यंत घामाने त्याची खाज सुरू.

खर्च. आम्ही गेलो तेव्हा उपचाराच्या रकमेचे ६५ टक्के आणि डॉक्टरांच्या देखरेखीचे ७० टक्के सरकारी विम्याने दिले, उरलेले बहुतांश आमच्या पूरक विम्याने. उपचाराची मूळ रक्कम पाचशे-सहाशे युरोंच्या घरात असते. राहण्या-जाण्याचा खर्च मात्र उत्पन्न अगदी कमी असेल तरच थोडासा मिळतो. आमच्यासारख्यांना छदाम नाही आणि खरा खड्डा तिथेच पडतो. तीन आठवड्यांचं भाडं, पेट्रोल, रोजचं किराणा सामान धरलं तर उपचारापेक्षा राहणंच महाग पडलं.

रोजचा क्रम साधा होता. सकाळी आपल्या ठरलेल्या वेळेला पोचायचं, मुलाला झगा चढवायचा. एका टबात आंघोळ, मग बारीक तुषारांचा फवारा, काही दिवस अंगाला मलमाचा लेप देऊन गुंडाळून ठेवणं, आणि एक पेला तेच पाणी प्यायचं. दीड-दोन तासांत मोकळं. पहिल्याच दिवशी माझ्या मुलाने तोंड वाकडं करून जाहीर केलं की या पाण्याला चवच नाही. आईने दुसऱ्या आठवड्यात आल्याबरोबर टबात हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं, "एवढंच गरम? याला कुंड म्हणतात? आमच्या तुरळच्या पाण्यात हात धरवत नाही." तिचं खरं होतं. आव्हेनचं पाणी झऱ्यातून २५.७ अंशांना येतं, म्हणजे आपल्या टाकीतल्या उन्हाळी पाण्यापेक्षाही गार. मुलांच्या आंघोळीसाठी ते जरासं कोमट करतात, एवढंच. त्यात क्षारही फार नाहीत. गंधकाचा वास नाही, वाफ नाही. त्वचा भाजणार नाही, झोंबणार नाही, असं हे पाणी आहे आणि तेच तर हवं असतं.

पहिल्या आठवड्यात मुलाची खाज वाढली. कोपराच्या खळग्यात आणि गुडघ्यामागे लाल चट्टे उठले. नवरा म्हणाला, चला परत. पण तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं की सुरुवातीच्या दिवसांत असं होऊ शकतं, पाण्याच्या फवाऱ्याची वेळ कमी करू, घाबरू नका. त्वचेवर पू किंवा ताप दिसला असता तर मात्र उपचार तिथेच थांबवले असते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्वचेला जंतुसंसर्ग झाला तर येऊच नका, तारीख बदला, असंही पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं. हे 'थांबा' म्हणणारं माणूस रोज जवळ असणं मला त्या पाण्यापेक्षा मोलाचं वाटलं.

आता तिथल्या वर्गांबद्दल. दुपारी पालकांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे छोटे वर्ग असत. एक नर्सबाई टेबलावर मलमाची ट्यूब घेऊन बसायच्या. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरतं. हे त्यांनी आमच्याकडून करून घेतलं, नुसतं सांगितलं नाही. कोपराला किती, मानेला किती, पाठीला किती. आंघोळ पाच ते दहा मिनिटांची, कोमट पाण्याची, अंग न घासता टिपून घ्यायचं आणि ओल असतानाच साधं मॉइश्चरायझर. स्टेरॉइडचं मलम लाल चट्ट्यांवर, सांगितलेल्या दिवसांपुरतं, पण पुरेसं. इतक्या वर्षांत मला कुठल्याच डॉक्टरने हातात ट्यूब धरून दाखवलं नव्हतं. दवाखान्यात पंधरा मिनिटांत ते जमणारही नाही, मी त्यांना दोष देत नाही.

आपल्याकडे स्टेरॉइडची दोन टोकं आहेत. एक तर आई-बाप त्याला हात लावायला घाबरतात आणि मूल रात्रभर खाजवतं. नाहीतर दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं गोरेपणाचं किंवा गजकर्णाचं कॉम्बिनेशन मलम महिनोन्‌महिने चोपडतात, आणि त्यात तीव्र स्टेरॉइड आहे हे त्यांना ठाऊकही नसतं. फ्रान्समध्ये पहिल्या टोकाच्या लोकांची संख्या एवढी आहे की या भीतीला त्यांच्या वैद्यकात वेगळं नावच आहे. त्या वर्गात माझ्याशेजारी एक बाई होत्या. त्यांना मुलीचं मलम सासूपासून लपवून ठेवावं लागायचं, कारण सासू ते कचऱ्यात टाकायची. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे सासूबाई कडुलिंबाचं पाणी, आत्या उटणं आणि शेजारच्या काकू "वांगं बंद करा, उष्णता आहे" असं सांगत. प्रत्येकीचा जीव मुलावरच होता, पण कडुलिंब आणि उटण्याने त्याची कातडी आणखी कोरडी व्हायची.

मुलांचं मात्र वेगळंच चाललं होतं. शाळेत माझ्या मुलाला पहिला प्रश्न नेहमी एकच, "हे लागतं का?" हात धरून खेळायच्या खेळात त्याचा हात कुणी धरायचं नाही. तिथे प्रतीक्षागृहात सगळ्याच मुलांच्या मानेवर, मनगटांवर तसेच चट्टे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो एका मार्सेच्या मुलीबरोबर कुणाची खाज जास्त याची स्पर्धा लावून बसला होता. संध्याकाळी नदीकाठी मुलं खेळायची, आई-बाप कठड्यावर बसून एकमेकांच्या मलमांची नावं विचारायचे. घरी परतल्यावर त्याने अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली. त्याआधी मे महिन्याच्या उकाड्यातही तो पूर्ण बाह्या सोडत नसे.

परिणाम काय झाला, हे सगळ्यांना एका वाक्यात हवं असतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याची त्वचा मऊ झाली होती, खाज बरीच कमी होती आणि तो रात्री सलग झोपत होता. हिवाळ्यात खोल्यांचे हीटर सुरू झाल्यावर चट्टे पुन्हा आले, पण आधीपेक्षा कमी आणि लवकर आटोक्यात. इसब गेलेलं नाही. ते पाण्याने जात नाही. त्वचेचा बाहेरचा थर पातळ आणि गळका असण्याची प्रवृत्ती बऱ्याच मुलांत जन्मजातच असते. वय वाढलं की पुष्कळांचं कमी होतं, काहींचं राहतं.

मग कमी झालं ते कशाने? मी विज्ञानाची पदवीधर आहे, डॉक्टर नाही, पण वाचलं ते सांगते. इसबाच्या मुलांवर खनिज पाण्याच्या परिणामाचे अभ्यास आहेत, मात्र चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या नीट चाचण्या थोड्या आहेत. पाणी बदलल्याने इसब बदलतं का, हे ब्रिटनमध्ये उलट बाजूने तपासलं गेलं. मुलांच्या घरी क्षारांमुळे जड झालेलं पाणी मऊ करणारी यंत्रं बसवली, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. याउलट जर्मनीत मुलांना आणि पालकांना आठवड्यातून एकदा असे काही आठवडे वर्ग घेऊन इसब सांभाळायला शिकवलं, तेव्हा वर्षभरानंतर आजाराची तीव्रता कमी झालेली दिसली. ते संशोधन २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. माझं मत त्यावरूनच बनलंय. तीन आठवडे रोज ठरलेल्या वेळी कोमट आंघोळ, लगेच मलम, डॉक्टरची नजर, आई-बापांना शिकवण, शाळेचा ताण नाही आणि पुरेशी झोप. यात झऱ्याचा वाटा किती हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही, आणि तो फार मोठा असेल असं मला वाटत नाही.

म्हणूनच भारतातून येऊ का विचारणाऱ्यांना मी सरळ नको म्हणते. इथला विमा तुम्हाला लागू नाही, सगळा खर्च खिशातून. इथे यायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी जो किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा काढावा लागतो तो अचानक आजारपणासाठी असतो, ठरवून घेतलेल्या उपचारासाठी नाही. चौघांची तिकिटं, तीन आठवड्यांचं भाडं, वर दुभाष्याची गरज, कारण ते वर्ग फ्रेंचमध्येच होतात आणि वर्ग कळले नाहीत तर जाण्यात अर्थ नाही. आणि परत येऊन उतरणार कुठे, तर जूनच्या घामट मुंबईत. त्यापेक्षा उन्हाळी सुट्टीतले तीन आठवडे घरीच बाजूला काढा. त्या दिवसांत लग्नं नकोत, प्रवास नको, पाहुणे नकोत. एका त्वचातज्ज्ञाला आधीच सांगून सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशा तीन वेळा ठरवून घ्या आणि पहिल्या भेटीत मलम किती लावायचं ते त्यांच्यासमोर लावून दाखवा. आंघोळ रोज एकाच वेळी, बादलीत कोपर बुडवलं तर गरम न लागेल एवढ्याच पाण्याने. नखं कापलेली, रात्री सुती कपडे, चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुतलेली. रोज रात्री मुलालाच विचारा, आज खाज दहापैकी किती, आणि वहीत लिहा. आमचा मुलगा हे आकडे स्वतः लिहितो आणि कधी कधी आईस्क्रीम मिळावं म्हणून वाढवून लिहितो.

आता आपली कुंडं. पालघर जिल्ह्यातल्या कोकणेरपासून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी ते थेट राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी झऱ्यांची रांग आहे. घाटावर चोपडा तालुक्यात उनपदेव, नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. उनकेश्वरला तर त्वचारोगाचे लोक पिढ्यानुपिढ्या जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने यातल्या बहुतेक झऱ्यांचं पाणी कधीच तपासलं आहे, त्यात काय आहे हे गुपित नाही. पण त्या कागदावरचं काही कुंडाच्या काठावर लिहिलेलं आढळत नाही. राजापूरचं पाणी चाळिशीच्या थोडं वर, तुरळचं साठच्या आसपास, उन्हवऱ्याचं सत्तरच्या घरात. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. लोक गार पाणी मिसळून किंवा वाहून निवलेल्या जागी अंघोळ करतात हे मला माहीत आहे, मी स्वतः लहानपणी तशीच केली आहे आणि मजा आली आहे. दुखरे गुडघे घेऊन येणाऱ्या आजोबांना ते पाणी सुख देतही असेल. पण इसब असलेल्या मुलाला चाळीस अंशांचं पाणीसुद्धा नको. गरम पाण्याने त्वचेतला उरलासुरला स्निग्धपणा निघून जातो आणि नंतर खाज वाढते. आधी बरं वाटतं ते खरं, कारण उष्णतेने खाज क्षणभर बधिर होते. त्या क्षणभराच्या बरं वाटण्यावरच कुंडांची कीर्ती उभी आहे.

दुसरी गोष्ट, साचलेलं कोमट पाणी. ज्यांच्या कातडीला भेगा आहेत अशी माणसं एकाच टाक्यात उतरतात, आणि ते पाणी किती वेळाने बदलतं हे कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये केरळात तळ्यासारख्या पाण्यात उतरलेली काही मुलं अमीबाच्या मेंदूज्वराने दगावली. तो अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. असा आजार दुर्मिळ आहे, म्हणून घाबरवत नाही. पण मुलाला नाक बुडवू देऊ नका एवढा फलक लावायला किती खर्च येतो?

विकास म्हणजे काय, यावर माझं मागणं छोटं आहे. काचेचे पूल आणि सेल्फी पॉइंट नंतर करा. प्रत्येक कुंडावर त्या दिवशीचं तापमान खडूने लिहिलेला फळा हवा. महिन्याला पाण्याची जंतूंसाठी तपासणी आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. बायकांना कपडे बदलायला दार लागणारी खोली. लहान मुलांसाठी पाणी निवलेलं, वाहतं, वेगळं टाकं. आणि आठवड्यातून एक दिवस त्वचेच्या डॉक्टरांची ओपीडी कुंडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे अशक्य नाही. कुंडावर त्वचेची माणसं आपणहून येतात, त्यांना शोधत फिरावं लागत नाही. त्यातल्या कुणाला इसब, कुणाला गजकर्ण, कुणाला सोरायसिस आणि एखाद्याला अजून निदान न झालेला कुष्ठरोगही असेल, आणि सगळे एकाच पाण्यावर भरवसा ठेवून उतरतात. नर्सबाईंनी बाकावर बसून पेराएवढं मलम कसं मोजायचं ते दाखवलं तरी पुष्कळ झालं.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या कुंडाची बातमी कराल तेव्हा "औषधी गुणधर्म असल्याचे मानले जाते" या वाक्यावर थांबू नका. आपल्या वार्ताहराजवळ एक साधा थर्मामीटर द्या, आणि बातमीत त्या दिवशीचं तापमान, शेवटची पाणीतपासणी कधी झाली ती तारीख आणि जवळचा त्वचातज्ज्ञ किती किलोमीटरवर आहे ते छापा. आई दिवाळीनंतर गावी परतते आहे. ती तुरळचं तापमान मोजून मला कळवणार आहे, तसं मी आपल्यालाही कळवीन.

आपली,
एक वाचक, तुलूज, फ्रान्स
(माहेर संगमेश्वर तालुका)